गाणाऱ्या काउबॉयचा उत्तरकाळ

कोलंबिया पिक्चर्स या अमेरिकी चित्रसंस्थेने नोव्हेंबर १९५३मध्ये प्रदर्शित केलेला ‘लास्ट ऑफ द पोनी रायडर्स’ हा जेमतेम तासाभराचा, कृष्णधवल आणि काटकसरीने उरकलेला चित्रपट जीन ऑट्री या गायक-नटाचा नायक म्हणून शेवटचा चित्रपट ठरला. ज्या चित्रप्रकाराने १९३५पासून पुढची पंधरा वर्षे अमेरिकेतील लहान गावांची चित्रपटगृहे भरवली, त्याची उतरती कळा या चित्रपटात जितकी उघडी पडते तितकी क्वचितच दुसरीकडे पडली असेल. विषय मात्र मोठा होता. मिझुरीतील सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो हे सुमारे १९०० मैलांचे अंतर, ठिकठिकाणी ताज्या दमाचे घोडे बदलत, साधारण दहा दिवसांत कापणारी पोनी एक्स्प्रेस ही टपालसेवा एप्रिल १८६०मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर १८६१मध्ये देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारायंत्राची तार जोडली जाताच अवघ्या दीड वर्षात बंद पडली. एका धाडसी पेशाचा असा तडकाफडकी अंत हा कोणत्याही कथाकाराला मोह पडावा असा विषय आहे. पण चित्रपटाने तो बाजूला सारून टपालाचा ठेका, त्यासाठी कपट करणारी मंडळी, पाठलाग आणि हाणामारी ही नेहमीची चाकोरी धरली. स्वतः ऑट्रीने उमेदीच्या काळात ओक्लाहोमातील रेल्वे स्थानकांवर तारमास्तर म्हणून नोकरी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हाती आलेली संधी कशी वाया गेली ते अधिकच जाणवते.

या निराशेचा दोष सहसा नटाच्या वाढत्या वयावर किंवा प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीवर ढकलला जातो, आणि दोन्हींत थोडेफार तथ्यही आहे. तथापि खरे कारण त्या चित्रपटांच्या घडणीत शोधावे लागते. गाणाऱ्या काउबॉयच्या चांगल्या चित्रपटांत गाणे कथेचे काम करीत असे. उत्तरकाळात ते कथेत अधूनमधून घातलेला खंड होऊन बसले, आणि नायकाचा सोज्ज्वळपणा, जो आधी कथेतून सिद्ध व्हायचा, तो चित्रपटाबाहेर विकण्याचा माल झाला.

ज्या व्यवस्थेत हे चित्रपट जन्मले ती आधी समजून घेतली पाहिजे. १९३०च्या दशकातील आर्थिक मंदीत अमेरिकी चित्रपटगृहांनी प्रेक्षक टिकवण्यासाठी एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ केली. त्यातील मुख्य, खर्चिक आणि नामांकित नटांचा तो ए-चित्रपट, आणि जोडीला लावलेला स्वस्त, तासा-सव्वातासाचा तो बी-चित्रपट. ए-चित्रपटाचे भाडे तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर ठरे, बी-चित्रपटाचे भाडे मात्र ठरावीक रकमेचे असे; त्यामुळे बी-चित्रपट कितीही गाजला तरी निर्मात्याला त्यातून फारसे अधिक मिळत नसे आणि नफा काढायचा तर तो खर्च दाबूनच काढावा लागे. साधारण दोन आठवड्यांत चित्रीकरण, लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील खडकाळ आयव्हर्सन रँचसारखी हाताशी असलेली स्थळे, तेच ते दुय्यम नट आणि वर्षाकाठी सहा-आठ चित्रपटांचा रतीब असा हा कारखाना होता. त्याचा हुकमी प्रेक्षक म्हणजे गावाकडचा शेतकरी आणि शनिवारी दुपारच्या खेळाला येणारी मुले.

काउबॉयने पडद्यावर गाणे ही ऑट्रीची कल्पना नव्हे. केन मेनार्ड हा घोडेस्वारीत तरबेज नट बोलपटांच्या अगदी सुरुवातीलाच गाऊ लागला होता. आणि १९३३च्या ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’मध्ये चक्क जॉन वेन ‘सिंगिंग सँडी’ या नावाने गाताना दिसतो, फक्त आवाज दुसऱ्याचा आहे. वेनला ते गाणे अजिबात शोभत नाही, हे चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही पटेल. ऑट्रीची गोष्ट निराळी होती, कारण तो आधी गायक होता. २९ सप्टेंबर १९०७ रोजी टेक्सासमधील टायोगा येथे जन्मलेला हा तरुण शिकागोच्या डब्ल्यूएलएस या रेडिओ केंद्रावरून घराघरांत पोचला होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकाही चांगल्या खपत होत्या. मॅस्कॉट या छोट्या संस्थेने १९३४मध्ये मेनार्डच्याच ‘इन ओल्ड सांता फे’मध्ये त्याला छोटीशी भूमिका दिली आणि १९३५मध्ये ‘द फँटम एम्पायर’ या बारा भागांच्या सीरियलचा, म्हणजे दर आठवड्याला एकेक भाग दाखवल्या जाणाऱ्या साहसकथेचा, नायक केले.

ही सीरियल आज हास्यास्पद वाटते, पण तिचे कथासूत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑट्री ‘रेडिओ रँच’वरून रोज दुपारी ठरल्या वेळी गाण्याचा कार्यक्रम प्रसारित करतो आणि एक दिवस जरी तो चुकला तरी रँचचा करार मोडेल अशी अट असते. इकडे जमिनीखाली हजारो फूट खोल म्युरेनिया नावाचे, यंत्रमानव राबवणारे राज्य आहे, तिथली राणी त्याच्या मागे लागली आहे, आणि रँचखालच्या रेडियमवर डोळा असलेले ठगही टपून बसले आहेत. नायक पाताळात सापडतो, किरणांच्या यंत्रांतून निसटतो आणि धापा टाकत दोनच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकासमोर येऊन गाऊ लागतो. म्हणजे गाणे थांबले तर सगळेच बुडाले, अशी ही रचना आहे. मराठी संगीत नाटकात ऐन भांडणाच्या भरात पात्राने पद सुरू केले तरी प्रेक्षकाला त्यात वावगे वाटत नसे, कारण त्या रंगभूमीवर गाणे हेच प्रसंगाचे टोक होते. ऑट्रीच्या पहिल्या चित्रपटांत गाण्याला असाच अधिकार लाभला होता.

१९३५मध्ये हर्बर्ट येट्स या चित्रफीत-प्रक्रियेच्या व्यवसायातील धनिकाने मॅस्कॉटसह अनेक छोट्या संस्था एकत्र करून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली, आणि त्याच वर्षी जोसेफ केन दिग्दर्शित ‘टंबलिंग टंबलवीड्स’ने गाणाऱ्या काउबॉयचा साचा पक्का केला. ऑट्री पडद्यावरही जीन ऑट्रीच असे, घोड्याचे नाव चँपियन, आणि सोबतीला स्मायली बर्नेट, जो बेडकासारखा आवाज काढून हशा पिकवी. नायकाच्या अशा विनोदी जोडीदाराला तिकडे ‘साइडकिक’ म्हणतात. या साच्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे काळ. घोडे, पिस्तुले आणि शेरीफ एकोणिसाव्या शतकातले. मोटारी, विमाने आणि रेडिओ विसाव्या शतकातले, आणि दोन्ही एकाच चौकटीत. १९३७च्या ‘पब्लिक काउबॉय नंबर वन’मधले गुरेचोर विमानातून कळप हेरतात, रेडिओवरून साथीदारांना इशारे देतात, जागच्या जागी गुरे कापतात आणि मांस शीतगृहाच्या ट्रकमधून पळवतात, म्हातारा शेरीफ कालबाह्य ठरवला जातो, शहरातून आधुनिक गुप्तहेर आणवले जातात, आणि अखेर घोड्यावरची जुनी विद्याच कामी येते. बदलाने भांबावलेल्या ग्रामीण प्रेक्षकाची नस या चित्रपटाने नेमकी पकडली होती. १९३९च्या ‘रोव्हिंग टंबलवीड्स’मध्ये तर ऑट्री पूरग्रस्तांसाठी गाता गाता थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून जातो.

त्याआधी वर्षभर, १९३८मध्ये, मानधनाच्या वादातून ऑट्री चित्रीकरणाला फिरकला नाही तेव्हा रिपब्लिकने त्याच्यासाठी योजलेला चित्रपट लिओनर्ड स्लाय या तरुण गायकाला दिला. ‘सन्स ऑफ द पायनियर्स’ या गायकवृंदाचा हा संस्थापक-सदस्य ‘रॉय रॉजर्स’ हे नवे नाव घेऊन ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’मध्ये आला. हा नायकही दुष्काळी भागाला पाणी मिळवून देण्यासाठी काँग्रेसमध्ये जातो, आणि वॉशिंग्टनच्या बड्या मंडळींना धुळीच्या वादळांची चित्रफीत दाखवत त्यावर गातो. मंदीच्या काळातील ‘डस्ट बोल’, म्हणजे ओक्लाहोमा-कॅन्सस पट्ट्यातील शेतीची माती उडून गेल्याने ओढवलेले संकट, प्रेक्षकांनी स्वतः भोगले होते. अशा ठिकाणी गाणे हे कैफियतीचे रूप घेते, आणि बी-चित्रपटाची सारी दरिद्री सामग्री क्षणभर विसरली जाते.

यशाचे प्रमाण चित्रपटगृहचालकांच्या कौलातून मिळते. ‘मोशन पिक्चर हेरल्ड’ या व्यवसायपत्राच्या वार्षिक पाहणीत वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपटांच्या, नटांमध्ये ऑट्री १९३७पासून १९४२पर्यंत पहिला होता, आणि १९४०मध्ये तर सर्व प्रकारच्या नटांच्या यादीत मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल यांच्यामागोमाग चौथा आला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांना ज्याचे नावही धड माहीत नसावे अशा नटाने हे स्थान मिळवले, यात शहर आणि गाव यांच्यातील दरीही दिसते. मागोमाग टेक्स रिटर, एडी डीन, जिमी वेकली अशी रांगच लागली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या वेगळ्या चित्रपटगृहांसाठी हर्ब जेफ्रीजनेही १९३७पासून असे काही चित्रपट केले. वर्णभेदाच्या त्या काळात ती साधी बाब नव्हती. बाकीच्यांपैकी बहुतेक नक्कल होते आणि त्यांच्यावर थांबण्याचे कारण नाही.

जुलै १९४२मध्ये ऑट्री सैन्यात दाखल झाला. त्याने शपथ घेतली तीही स्वतःच्या ‘मेलडी रँच’ या रेडिओ कार्यक्रमात. पुढे तो हवाई वाहतूक दलात वैमानिक झाला आणि चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीपर्यंत मालवाहू विमानांवर त्याने काम केले. इकडे रिपब्लिकने सारी ताकद रॉजर्समागे लावली, त्याला ‘किंग ऑफ द काउबॉइज’ म्हणून मिरवले, आणि वेस्टर्न नटांच्या कौलात १९४३पासून पहिले स्थान रॉजर्सकडे गेले ते १९५४पर्यंत त्याच्याकडेच राहिले. परतल्यावर ऑट्रीने, सैन्यात गेलेला काळ करारात धरावा की नाही या मुद्द्यावर, रिपब्लिकशी न्यायालयात झुंज दिली. १९४७मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि स्वतःची निर्मितीसंस्था काढून तो कोलंबियाच्या छत्राखाली आला.

तिथली सुरुवात आश्वासक होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जॉन इंग्लिश दिग्दर्शित ‘द लास्ट राउंड-अप’ हा आधीच्या चित्रपटांपेक्षा अधिक नेटका आहे. १९४८चा ‘द स्ट्रॉबेरी रोन’ रंगीत आहे. आणि १९४९च्या ‘द काउबॉय अँड द इंडियन्स’मध्ये आदिवासींची उपासमार आणि व्यापाऱ्याकडून त्यांची होणारी लूट यांवर बोट ठेवले आहे, जे त्या काळच्या बी-वेस्टर्नमध्ये दुर्मिळ होते. रॉजर्सच्या बाबतीतही घसरण सरळ रेषेत झाली नाही. दिग्दर्शक विल्यम विटनीने १९४६-४७पासून त्याच्या चित्रपटांतील नाचगाणी आटोक्यात आणून हाणामारी खरीखुरी आणि काही वेळा रक्तबंबाळ केली, आणि १९४७पासून १९५०पर्यंत रिपब्लिकच्या ट्रूकलर या स्वस्त रंगप्रक्रियेची त्याला साथ मिळाली. १९५१मध्ये हा रंग काढून घेतला गेला. डिसेंबर १९५१मधला ‘पाल्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ हा रॉजर्सचा रिपब्लिकसाठीचा शेवटचा चित्रपट पुन्हा कृष्णधवल आहे. मेक्सिकोच्या सीमेवरून लाळ-खुरकताची गुरे चोरून आणणाऱ्यांची त्याची कथा वाईट नाही, दहा वर्षांपूर्वी तिच्यातून खासा चित्रपट झाला असता. पण इथे सगळेच घाईत आहे आणि विटनीसारखा कसबी दिग्दर्शकही हात आखडून काम करताना दिसतो.

हात का आखडला, याचे उत्तर हिशेबवहीत आहे. युद्धानंतर मजुरीपासून कच्च्या फितीपर्यंत सर्वच गोष्टींचे दर वाढले, परंतु बी-चित्रपटाचे ठरावीक भाडे त्या प्रमाणात वाढले नाही. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लॉक बुकिंग’वर, म्हणजे एक हवा असलेला चित्रपट घ्यायचा तर सोबत नको असलेले पाच घ्या अशा सक्तीच्या घाऊक विक्रीवर, बंदी आणली, त्यामुळे बी-चित्रपटांची हमखास गिऱ्हाइकी संपली. १९४६ हे विक्रमी प्रेक्षकसंख्येचे वर्ष होते. पुढच्या सात-आठ वर्षांत ती जवळपास निम्म्यावर आली, आणि १९५४पर्यंत निम्म्याहून अधिक अमेरिकी घरांत दूरचित्रवाणी संच आले. शनिवारच्या दुपारचा मुलांचा घोळका आता दिवाणखान्यात बसून विल्यम बॉइडचे जुने ‘हॉपअलाँग कॅसिडी’ चित्रपट फुकट पाहत होता.

ऑट्रीने हे फार लवकर ओळखले आणि जुलै १९५०पासून अर्ध्या तासाची स्वतःची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली, ज्याबद्दल चित्रपटगृहांचे मालक त्याच्यावर चांगलेच चिडले होते. व्यवसाय म्हणून हा निर्णय अचूक होता. कलेच्या दृष्टीने त्याने चित्रपटांचे कंबरडे मोडले. घरी फुकट दिसणारा ऑट्री आणि तिकीट काढून दिसणारा ऑट्री यांत फरक उरला नाही. १९५३चे सहाही चित्रपट दूरचित्रवाणीच्या एखाद्या भागाला ताणून तासाभराचे केल्यासारखे भासतात, कारण माणसे, स्थळे आणि कामाची पद्धत तीच होती. जुन्या दिवसांची आठवण जागवण्यासाठी बर्नेटला पुन्हा सोबतीला घेतले गेले, पण त्याच्या विनोदात आता उत्साहापेक्षा सवय अधिक होती. ‘सॅगिनॉ ट्रेल’चे कथानक १८२७च्या मिशिगनमध्ये घडते, त्या जंगलातही जीन ऑट्री हा जीन ऑट्री म्हणूनच वावरतो. १९३५च्या वेड्या जगात ही गोष्ट खपून गेली असती; इतिहासाचा आव आणणाऱ्या चित्रपटात ती डोळ्यांना खुपते. विमाने आणि रेडिओ कथांतून गेले, त्यांच्याबरोबर काळाचा तो मजेदार गोंधळही गेला. आणि गाणी इतकी कमी झाली की ती नसती तरी कथेचे काही अडले नसते.

सोज्ज्वळपणाचेही असेच झाले. ऑट्रीच्या नावे प्रसिद्ध असलेली दहा नियमांची ‘काउबॉय संहिता’ १९४०च्या दशकाच्या अखेरीस पसरली: पहिली गोळी नायक झाडत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, मुले, वृद्ध आणि जनावरे यांच्याशी प्रेमाने वागतो, वांशिक किंवा धार्मिक द्वेष बाळगत नाही, आईवडिलांचा आणि कायद्याचा मान राखतो, असा तिचा आशय आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. कित्येक पिढ्यांच्या मुलांनी ती मनापासून मानली. परंतु खेळण्यातली पिस्तुले, डबे, कॉमिक्स आणि च्युइंग गम यांच्या विक्रीला ज्याचे नाव जोडले आहे, त्या नायकाकडून पडद्यावर चूक घडणे परवडणारे नव्हते. पूर्वीचा ऑट्री बापाशी भांडून घर सोडत असे, फसत असे, कधी कधी मूर्खही ठरत असे, आणि त्यातून त्याचा चांगुलपणा उजळे. शेवटच्या चित्रपटांत तो आधीपासूनच बरोबर असतो, त्यामुळे कथेला करण्यासारखे काही राहत नाही.

याच सुमारास मोठ्या संस्थांच्या वेस्टर्न चित्रपटांनी वेगळी वाट धरली होती. १९५२च्या ‘हाय नून’मध्ये गॅरी कूपरचा घाबरलेला, एकाकी मार्शल ओठातून एक सूरही काढत नाही, चित्रपटभर पार्श्वभूमीला वाजणारे गीत टेक्स रिटरने, म्हणजे एका माजी गाणाऱ्या काउबॉयनेच, गायले आहे. त्या गीताला ऑस्कर मिळाले. गाणे वेस्टर्नमधून गेले नाही, ते नायकाच्या तोंडून काढून घेण्यात आले.

रेक्स ॲलन या गायक-नटाचा ‘द फँटम स्टॅलियन’ १९५४मध्ये आला आणि गाणाऱ्या काउबॉयच्या चित्रमालिका तिथे थांबल्या. जुन्या चित्रपटांची दूरचित्रवाणीला विक्री होऊ नये म्हणून ऑट्री आणि रॉजर्स यांनी रिपब्लिकवर लावलेले दावेही अखेर त्यांच्या विरोधात गेले. हे चित्रपट दूरचित्रवाणीवर आले तेव्हा जाहिरातींसह तासाच्या वेळेत बसवण्यासाठी प्रत्येकी सुमारे ५३ मिनिटांपर्यंत कापले गेले, आणि कात्री पुष्कळदा गाण्यांवरच चालली. पुढच्या पिढीने ऑट्रीचा उत्कर्षकाळ पाहिला तो असा छाटलेला. त्यामुळे त्याचे सगळेच चित्रपट सारखेच सुमार होते हा समज दीर्घकाळ टिकला. ऑट्रीने पुढे आपल्या चित्रपटांच्या मूळ लांबीच्या प्रती जुळवून घेतल्या.

म्हणून ज्याला हा चित्रप्रकार जाणून घ्यायचा आहे त्याने कापलेल्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये, आणि सुरुवात १९५३पासून तर मुळीच करू नये. ‘पब्लिक काउबॉय नंबर वन’ आणि ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ हे दोन चित्रपट आधी पाहावेत, त्यानंतर ‘द काउबॉय अँड द इंडियन्स’. ‘लास्ट ऑफ द पोनी रायडर्स’ मात्र अभ्यासाची गरज असेल तरच पाहावा, करमणुकीसाठी नाही.